नीतीला सनद कोणाची?

देवाचे भय उरले नाही म्हणून माणसे बिघडली, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे आणि इतक्या निरनिराळ्या प्रसंगी उच्चारले जाते की, त्यात एक फार मोठा तात्त्विक सिद्धांत गृहीत धरलेला आहे याकडे बोलणाराचे लक्ष जात नाही आणि ऐकणाराचेही जात नाही. लाचखाऊ अंमलदाराची हकीकत निघाली, भावाभावांत जमिनीवरून फौजदारी झाल्याचे कळले किंवा वृद्ध आईला मुलांनी पाळीपाळीने वागवल्याचे कानावर आले, की हा उद्गार निघतोच. त्यात गृहीत धरलेला सिद्धांत असा की, नीतीचे नियम म्हणजे अखेर एका सर्वसत्ताधीशाचे हुकूम होत; चांगले ते चांगले ठरते त्याने फर्मावले म्हणून, वाईट ते वाईट ठरते त्याने मना केले म्हणून; आणि हुकूम देणाराच्या अस्तित्वाविषयीची खात्री एकदा ढिली झाली की हुकूमही आपोआप रद्दबातल होतात. हा सिद्धांत मला चुकीचा वाटतो. इतकेच नव्हे, तर ज्यांच्या अंतःकरणात ईश्वराविषयी खरीखुरी भक्ती आहे त्यांनी तर तो सर्वांच्या आधी टाकून द्यावा असे वाटते, कारण ईश्वराच्या थोरवीला त्याच्याइतका उणेपणा दुसरा कोणताही सिद्धांत आणीत नाही.

या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध चर्चा प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ नावाच्या लहानशा संवादात आहे. प्रसंग इसवी सनापूर्वी ३९९ मधला, स्थळ अथेन्समधील राजा-आर्कन या धर्मविषयक खटले पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या कचेरीचा ओटा. सॉक्रेटिसावर मेलेटस नावाच्या तरुणाने नास्तिक्याची फिर्याद गुदरली आहे म्हणून तो तेथे आला आहे. आणि युथिफ्रो नावाचा एक धर्मज्ञ म्हणून मिरवणारा गृहस्थ स्वतःच्या जन्मदात्यावर मनुष्यवधाची फिर्याद करण्यासाठी आला आहे. संवादातील तर्क सर्वांना आठवतो, पण ज्या मृत्यूवरून तो सुरू झाला तो मात्र विसरला जातो, म्हणून त्याची हकीकत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. नॅक्सॉस बेटावर या घराण्याची शेती होती. तेथे रोजावर राबणाऱ्या एका माणसाने दारूच्या धुंदीत घरच्या एका गुलामाचा गळा कापला. युथिफ्रोच्या पित्याने त्या मजुराचे हातपाय बांधले, त्याला एका खंदकात टाकले, आणि अशा मनुष्याचे काय करावे याविषयी धर्माचा निर्णय विचारून येण्यासाठी एक माणूस अथेन्सला धर्मशास्त्र्याकडे रवाना केला. तो परत येईपर्यंत खंदकातल्या माणसाकडे कोणी पाहिले नाही. खुनीच तो, मेला तर मेला, असा हिशेब होता. निर्णय घेऊन जासूद परत येण्यापूर्वीच भूक, थंडी आणि बंधने यांनी तो मनुष्य मेला.

मला या हकीकतीचे फार महत्त्व वाटते. पित्याने धर्म विचारायला माणूस पाठवला म्हणजे तो धर्मभीरू होता. परंतु बांधून टाकलेल्या माणसाला पाणी द्यावे की न द्यावे, यासाठी अथेन्सहून निर्णय येण्याची गरज नव्हती. जे कळण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही ते खंदकाच्या काठावर उभे राहूनच कळायला हवे होते. आणि फिर्यादी मुलगा तरी काय करतो? बापावर खटला का, असे आप्तांनी विचारले तर तो देवांचा दाखला देतो : देवांचा राजा झ्यूस यानेही आपल्या बापाला, क्रोनसला, बेड्या घातल्याच होत्या! बाप देवाचा निर्णय येईपर्यंत दया थांबवतो, तर मुलगा देवाच्या वर्तनावरून न्याय ठरवतो. त्या दोघांच्या मध्ये एक मनुष्य मरून पडतो, आणि त्याचे नावसुद्धा प्लेटोने लिहून ठेवलेले नाही.

सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो की, पवित्र म्हणजे काय? देवांना प्रिय ते पवित्र, असे उत्तर मिळते. पण देवादेवांतही भांडणे आहेत, एकाला प्रिय ते दुसऱ्याला अप्रिय असते, ही अडचण पुढे येताच युथिफ्रो दुरुस्ती करतो : सर्व देवांना प्रिय ते पवित्र. यावर सॉक्रेटिस जो प्रश्न करतो त्याचे समाधानकारक उत्तर देण्यासाठी पुढील जवळजवळ चोवीस शतके पंडित झटत आले आहेत. ते कर्म पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय होते, की देवांना प्रिय होते म्हणून ते पवित्र ठरते? युथिफ्रो थोडा वेळ चाचपडतो, पुन्हा आरंभीच्याच ठिकाणी येतो आणि आपल्याला तातडीचे काम आहे असे सांगून निघून जातो.

एकेश्वरवादी मनुष्य म्हणेल, ही अडचण अनेक देव मानणाऱ्यांची. आमचा ईश्वर एक आहे, सर्वज्ञ आहे, त्याच्या इच्छेत विसंगती नाही. पण देवांची संख्या कमी केल्याने प्रश्न सुटत नाही. ईश्वराने सत्य बोला अशी आज्ञा केली, ती सत्य बोलणे चांगले आहे हे जाणून केली असेल, तर चांगलेपणा आज्ञेच्या आधीच तेथे होता आणि आज्ञेने तो आपल्याला कळवला एवढेच. आज्ञा त्या चांगलेपणाची जननी नव्हे. उलट, आज्ञेपूर्वी सत्य आणि असत्य ही दोन्ही सारखीच कोरी होती आणि केवळ आज्ञेने एकाला चांगलेपण आले असे मानले, तर ईश्वराने असत्याची, विश्वासघाताची, अर्भकहत्येची आज्ञा केली असती तरी तीच नीती ठरली असती, हे कबूल करावे लागते. ईश्वर तसे कधी करणारच नाही, असे म्हणून येथून सुटता येत नाही. कारण ‘का करणार नाही’ या प्रश्नाला ‘तो दयाळू आहे म्हणून’ असे उत्तर देताक्षणी, दया ही त्याच्या आज्ञेच्या आधीपासूनच चांगली होती, हे आपण मान्य करून बसतो. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ याने १६८६ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. ईश्वराने उलट केले असते तरी तेही तितकेच स्तुत्य ठरले असते असे म्हणायचे असेल, तर त्याने जे केले त्याबद्दल त्याची स्तुती कशासाठी करायची? अशा सिद्धांतात ईश्वराला चांगला म्हणणे म्हणजे तो स्वतःच्या मर्जीप्रमाणे वागतो एवढेच म्हणणे होते, आणि ते तर कोणत्याही जुलमी सुलतानाविषयी म्हणता येते.

दुसरा एक आक्षेप मला याहूनही निर्णायक वाटतो. आज्ञा पाळावी असे ठरले तरी ती का पाळावी, हे आज्ञा स्वतः सांगू शकत नाही. ‘माझ्या आज्ञा पाळा’ अशी आणखी एक आज्ञा काढली तरी ती का पाळावी हा प्रश्न तसाच उभा राहतो. नरकाच्या भीतीने पाळावी म्हटले तर ती नीती राहत नाही, ते शहाणपण होते. सशस्त्र दरोडेखोराचा हुकूमही आपण त्याच शहाणपणाने पाळतो. त्याने आपल्याला निर्माण केले, पोसले, म्हणून कृतज्ञतेने पाळावी म्हटले, तर उत्तर फार सुंदर आहे, पण मग कृतज्ञता हे कर्तव्य आहे ही गोष्ट कोणत्याही हुकमाशिवाय आपल्याला आधीच मान्य आहे. म्हणजे आज्ञापालनाच्या तळाशीसुद्धा आज्ञेने न दिलेली अशी एक नैतिक जाणीव असावीच लागते. सर्व सनदा ज्या दफ्तरातून निघतात त्या दफ्तरालाच आपल्या अधिकाराची सनद दाखवता येत नाही.

हा वाद केवळ ग्रीकांचा किंवा ख्रिस्ती पंडितांचा नव्हे. बसरा आणि बगदाद येथील मुताझिला पंथाच्या विद्वानांचे म्हणणे असे की, न्याय आणि अन्याय यांतील भेद मानवी बुद्धीला कळतो आणि ईश्वरही अन्याय करीत नाही. त्याच पंथात तयार झालेल्या अल्-अशअरी यांनी दहाव्या शतकाच्या आरंभी त्याविरुद्ध मत मांडले की, ईश्वराच्या कर्तृत्वाला बुद्धीची मोजपट्टी लावणारे आपण कोण. तो करील ते योग्यच. चौदाव्या शतकात इंग्रज धर्मपंडित ऑकमचा विल्यम तर येथपर्यंत गेला की, ईश्वराने स्वतःचाच द्वेष करण्याची आज्ञा दिली असती तर तो द्वेषही पुण्यकारक झाला असता. या माणसांना मी निर्बुद्ध समजत नाही. ईश्वराच्या सार्वभौमत्वावर कोठलीही मर्यादा येऊ नये ही त्यांची तळमळ होती, आणि तळमळीच्या पोटी तर्काला शेवटपर्यंत नेण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. परंतु ज्याच्यापुढे नतमस्तक व्हायचे तो केवळ बलवान आहे म्हणून व्हायचे की तो शिव आहे म्हणून, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नाही.

याहून समतोल उत्तर थॉमस अक्वायनससारख्यांचे. चांगलेपणा ईश्वराच्या वरही नाही आणि त्याच्या लहरीवरही नाही, तो ईश्वराचा स्वभावच आहे, असे ते म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट ॲडम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने, कर्तव्य म्हणजे कोणाही ईश्वराची नव्हे तर प्रेमळ ईश्वराची आज्ञा, अशी दुरुस्ती सुचवली. दोन्ही मते आदरणीय आहेत. पण दोन्हींत वादाचा मूळ मुद्दा सोडून दिला गेला आहे, कारण आता सगळा भार आज्ञेवर नसून स्वभावावर आणि प्रेमावर आहे. आणि प्रेम हे द्वेषापेक्षा श्रेष्ठ, हे ज्याला आधी ठाऊक नाही त्याला त्या स्वभावाची थोरवी कळणार कशी?

अब्राहामाची कथा या संदर्भात नेहमी निघते. पुत्राचा बळी दे अशी आज्ञा झाली आणि तो लाकडे व सुरी घेऊन निघाला. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत तो पुत्र इसहाक, मुसलमान परंपरेत बहुधा इस्माईल. डेन्मार्कच्या किर्केगार्डने १८४३ मध्ये या एका कथेवर आख्खा ग्रंथ लिहून श्रद्धा ही नीतीच्या पलीकडची झेप आहे असे प्रतिपादले. त्यापूर्वी १७९८ मध्ये कांटने म्हटले होते की अब्राहामाने साफ उत्तर द्यायला हवे होते : मुलाला मारू नये हे मला निश्चित माहीत आहे, तू ईश्वर आहेस हे मात्र तितके निश्चित नाही. मला मात्र याच अब्राहामाची दुसरी एक कथा अधिक मोलाची वाटते. सदोम नगराचा संहार करण्याचा ईश्वराचा बेत ऐकून हा वृद्ध पुरुष ईश्वराच्या समोर उभा राहतो आणि जगाचा न्याय करणाऱ्यानेच अन्याय करावा काय, असा सवाल टाकतो. पन्नास सज्जन सापडले तर नगर वाचवशील का, येथून आरंभ करून पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस अशी घासाघीस करीत तो दहापर्यंत येतो, आणि ईश्वर प्रत्येक पायरीवर मान्य करीत जातो. जो परक्या नगरासाठी ईश्वराशी इतका भांडला, त्याने स्वतःच्या मुलासाठी एक शब्द उच्चारला नाही, ही त्या ग्रंथातील विलक्षण गोष्ट आहे. पण सदोमच्या वेळचा अब्राहाम ज्या मापाने ईश्वराला मोजीत होता ते माप ईश्वराच्या त्या वेळच्या आज्ञेतून आलेले नव्हते, आणि तसे मोजल्याबद्दल ईश्वर त्याच्यावर कोपलाही नाही.

आता आपल्या परंपरेकडे वळावे, कारण येथे काही गोष्टी अशा आहेत की ज्या पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसतात. हिंदू धर्मशास्त्राचा तार्किक पाया ज्या पूर्वमीमांसेने घातला ती विधिनिषेधांचे, म्हणजे आज्ञांचे शास्त्र आहे. धर्म हा वेदाच्या आज्ञेवरूनच कळतो, प्रत्यक्षाने किंवा अनुमानाने नव्हे, असे जैमिनीने आरंभीच सांगितले. यावरून कोणास वाटेल की येथे ईश्वराज्ञेचा सिद्धांत कळसाला पोहोचला असेल. प्रत्यक्षात उलट आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, त्याचा कर्ता मनुष्य नाही आणि ईश्वरही नाही. आणि सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टाने तर जगाचा निर्माता आणि सर्वज्ञ असा कोणी आहे ही कल्पनाच तर्काने खोडून काढली. आज्ञा आहे पण आज्ञा करणारा नाही, अशी ही व्यवस्था आहे. तिच्याविषयी दुसरे काहीही म्हणा, पण हिंदू धर्म म्हणजे देवाचे हुकूम, हे म्हणणे त्या धर्माच्या सर्वांत कर्मठ शास्त्र्यांनाच मान्य नव्हते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

त्याहून नवल असे की, सॉक्रेटिसाचा प्रश्न या निरीश्वर घरातही निराळ्या वेषाने आला. यज्ञ करावा असे वेद म्हणतो तेव्हा ऐकणारा प्रवृत्त कशाने होतो? प्रभाकर या मीमांसकाचा पक्ष म्हणे, आज्ञेच्या स्वतःच्या बळाने. हे मला कर्तव्य म्हणून सांगितले आहे, एवढी जाणीव पुरे. मंडनमिश्राने ‘विधिविवेका’त उत्तर दिले की, विधी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून हे कर्म तुझ्या इष्टाचे साधन आहे अशी माहिती आहे. आज्ञेमुळे कर्म इष्ट होत नाही; ते इष्ट आहे हे आज्ञा सांगते. हा वाद अथेन्सपासून इतक्या दूर, यज्ञवेदीच्या आणि व्याकरणाच्या परिभाषेत व्हावा, यावरून हा प्रश्न एखाद्या धर्माच्या अडचणीतून नव्हे, तर आज्ञा या कल्पनेच्याच पोटातून निघतो हे दिसते.

वेदान्त्यांनी ईश्वर मानला, पण त्यांनाही तो निरंकुश मानता आला नाही. एक जन्मतः राजवाड्यात आणि एक झोपडीत, हा भेद ईश्वराने केला असेल तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरतो, ही शंका ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात घेतली आहे आणि तिचे निरसन असे केले आहे की ईश्वर प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेने सृष्टी करतो. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, पण उगवते ते बी असेल तसे, असा शंकराचार्यांचा त्यावरील दृष्टांत आहे. कर्मसिद्धांतावर माझे स्वतःचे गंभीर आक्षेप आहेत. झोपडीतल्या माणसाला त्याच्याच पूर्वकर्माचा जाब विचारण्यासाठी तो आपल्या समाजात फार निष्ठुरपणे वापरला गेला. तरी त्यातला एक विचार मोलाचा आहे : ईश्वरही नैतिक व्यवस्थेला सोडून वागत नाही. बुद्ध आणि महावीर यांनी तर सृष्टिकर्ता मुळीच मानला नाही, आणि अहिंसेचे व्रत त्यांच्याइतके कसोशीने कोणी पाळायला लावले?

हा सर्व विचार कागदावरचा राहिला असता तर वाचकांचा एवढा वेळ मी घेतला नसता. आपल्या महाराष्ट्रात तो एकदा अगदी रक्तामांसाचा झाला. निमित्त मात्र दूरचे होते : १८९० साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात फुलमणी दासी या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. वयाची दहा वर्षे तिने ओलांडली होती; नवरा पस्तिशीच्या घरातला. पतिसंगाने झालेल्या इजेने ती मेली, आणि भारतीय दंडसंहितेत विवाहित मुलीच्या बाबतीत दहा वर्षांचीच मर्यादा असल्यामुळे त्याला बलात्काराच्या कलमाखाली शिक्षा होऊ शकली नाही. दुसऱ्या कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ही मर्यादा दहाची बारा करणारे बिल अँड्र्यू स्कोबल यांनी ९ जानेवारी १८९१ रोजी कायदे कौन्सिलात आणले, १९ मार्च रोजी ते मंजूर झाले, आणि मधल्या दहा आठवड्यांत पुण्यामुंबईत जो वाद पेटला त्याला तोड नाही. विरोधी पक्षाचे म्हणणे, प्रथम ऋतूच्या वेळी गर्भाधान करावे अशी शास्त्राज्ञा आहे आणि सरकारने ती मोडू नये. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी स्मृती, गृह्यसूत्रे आणि निबंधग्रंथ धुंडाळून दाखवले की ऋतुप्राप्तीबरोबर गर्भाधान झालेच पाहिजे असा निर्बंध शास्त्रात नाही. लोकमान्य टिळक त्यांच्याशी वचनांवरून झगडले. टिळकांना बालिकांचे हाल मान्य होते असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. मुलींचे विवाह सोळाव्या वर्षापूर्वी करू नयेत असे बंधन सुधारकांनी आपल्यापुरते आधी घालून घ्यावे, असे त्यांनीच आदल्या वर्षी सुचवले होते. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, हा त्यांचा खरा मुद्दा होता.

पण त्या वादाकडे आज पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते ते वेगळ्या कारणाने. दोन्ही बाजूंचे महापंडित ग्रंथ उलगडीत होते, आणि एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा प्राण वाचवावा की नाही याचा निर्णय एखाद्या वचनातील विकल्पावर अवलंबून आहे असा बहाणा दोघांनाही करावा लागत होता. भांडारकरांनी ग्रंथ उघडला तेव्हा त्यांना काय सापडले पाहिजे हे त्यांच्या करुणेने आधीच ठरवले होते; आणि समजा, सर्व स्मृतींनी एकमुखाने उलट सांगितले असते, तर भांडारकर त्या मुलीला मरू देते काय? कधीच नाही. मग वचन हे कारण नव्हते, तो समाजाच्या समजुतीसाठी मिळवलेला दाखला होता. ही गोष्ट उघडपणे सांगण्याचे धैर्य ‘सुधारक’कर्त्या गोपाळ गणेश आगरकरांचे. शास्त्रात आधार असो वा नसो, जे बुद्धीला आणि मनुष्याच्या हिताला धरून आहे तेच करावे, ग्रंथ हा पुरावा नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. जोतीराव फुल्यांनी ‘निर्मिका’वर दृढ श्रद्धा ठेवूनही हेच केले होते : जो ग्रंथ माणसामाणसांत उच्चनीच लावतो तो निर्मिकाचा असूच शकत नाही, हा त्यांचा निकष होता, आणि तो निकष ते ग्रंथातून घेत नव्हते, ग्रंथाला लावीत होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले त्यामागेही हाच निकष उभा होता.

आणि टिळकांचेच पुढे काय झाले? मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी नीतीच्या उपपत्तीचे आधिभौतिक, आधिदैवत आणि आध्यात्मिक असे तीन पक्ष तपासले. नीती म्हणजे अंतःकरणात बसलेल्या एखाद्या स्वतंत्र देवतेचा कौल, हा आधिदैवत पक्ष त्यांनी सोडून दिला आणि सर्वांभूती एक आत्मा पाहणाऱ्या साम्यबुद्धीत नीतीचा पाया ठेवला. त्यांचा अद्वैत वेदान्त पटो वा न पटो. ज्या पुरुषाने १८९१ मध्ये वचनांची लढाई लढली त्याने स्वस्थ चित्ताने विचार करण्यास अवसर मिळताच नीतीला आज्ञेच्या नव्हे, तर आत्मौपम्याच्या आधारावर बसवले, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते.

राहता राहिला व्यवहाराचा आक्षेप : तर्क काहीही असो, देव सुटला की माणूस सुटतो. सहिष्णुतेचा पुरस्कर्ता जॉन लॉकसुद्धा १६८९ मध्ये लिहून गेला की नास्तिकाला सहिष्णुतेचा लाभ देऊ नये, कारण त्याच्या शपथेवर विश्वास ठेवता येत नाही. या समजुतीला चार्ल्स ब्रॅडलॉ या माणसाने आपल्या वर्तनाने जे उत्तर दिले ते शेकडो ग्रंथांच्या तोडीचे आहे. १८८० मध्ये नॉर्थम्प्टनच्या मतदारांनी त्याला पार्लमेंटवर निवडून दिले. तो नास्तिक असल्यामुळे त्याने ईश्वराची शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट येथे आहे : ज्याच्या शब्दाला किंमत नाही असे म्हटले जात होते, त्याने आरंभीच ‘मला ही शपथ अर्थशून्य आहे’ हे खरे सांगून टाकले, आणि त्या खरेपणापायी सहा वर्षांचा झगडा, अटक आणि पुन्हापुन्हा निवडणूक हे सर्व सोसले. १८८६ मध्ये त्याला बसू दिले आणि १८८८ मध्ये त्यानेच प्रतिज्ञेचा कायदा करवून घेतला. त्यानंतर वर्षभरात, १८८९ च्या डिसेंबरात, हाच ब्रॅडलॉ हिंदुस्थानची बाजू मांडणारा मित्र म्हणून मुंबईच्या काँग्रेसला हजर होता. आणि आगरकर? देवाचे बक्षीस नको असलेल्या या माणसाने मोठ्या पगाराची वाट सोडून शिक्षकाचा पेशा पत्करला, हयातीत स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली आणि ३८ वर्षांचे आयुष्य संपेपर्यंत आपला शब्द फिरवला नाही. या दोघांना कोणत्या नरकाचे भय होते?

यावरून नास्तिक तेवढे सज्जन, असा निष्कर्ष मी काढणार नाही. तो तितकाच खोटा होईल. श्रद्धेने माणसाला जे मिळते ते फार मोठे आहे. एकट्याने सत्याची बाजू घेताना जो आधार लागतो, पराभवानंतर पुन्हा उठण्याचे जे बळ लागते, अपराध्यालाही आपला म्हणण्यासाठी जी विशालता लागते, ती अगणित माणसांना ईश्वराच्या स्मरणाने मिळाली आहे, आणि पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या माणसांच्या तोंडावर ती मी पाहिली आहे. पण ते बळ चांगले करण्याचे बळ आहे. चांगले काय हे ठरवण्याचा तो परवाना नाही. ईश्वर साक्षी असू शकतो, सोबती असू शकतो, आदर्श असू शकतो. त्याला हुकूम सोडणारा अंमलदार आपण केले की लगेच त्याच्या नावाने हुकूम सोडणारे मध्यस्थ उभे राहतात, आणि मग दयेचा निर्णय त्यांच्या कचेरीतून येईपर्यंत कोणीतरी खंदकात पडून राहतो.

गांधीजी जन्मभर ईश्वराचे नाव घेत आले, तरी १९३१ साली स्वित्झर्लंडमधील एका सभेत त्यांनी सांगितले की, पूर्वी आपण ईश्वर हेच सत्य असे म्हणत होतो, आता सत्य हाच ईश्वर असे म्हणतो. कारण ईश्वर नाकारणारेही सत्य नाकारीत नाहीत. पुढे आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, ज्यांना सर्वजण गोरा म्हणून ओळखत, हे कट्टर निरीश्वरवादी कार्यकर्ते सेवाग्रामला येऊ लागले. अस्पृश्यता नष्ट करण्यासाठी ते खेड्यात राहून काम करीत होते, आणि त्या कामात देवाची कल्पना अडसर होते असे ते गांधीजींना तोंडावर सांगत. गांधीजींनी त्यांना दूर लोटले नाही. त्यांच्याशी वाद घातला आणि त्यांना जवळ केले. गोरांच्या कन्येचा विवाह एका अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणाशी ठरला तेव्हा तो सेवाग्राम आश्रमात व्हावा असे गांधीजींनीच ठरवले. विधीत ईश्वराला साक्षी ठेवून बोलण्याचे शब्द होते आणि ते वधूपक्षाला अर्थशून्य होते. तेव्हा ईश्वराच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने विवाह लावण्याचे गांधीजींनी मान्य केले. विवाहाचा दिवस येण्यापूर्वीच ते गेले. १९४८ साली, त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, वर्ध्याजवळच्या त्या आश्रमात तो विवाह त्यांनी मान्य केलेल्या पद्धतीनेच झाला.